पिवळ्यात पिवळं

दैवशालाला पिवळा दिसतो. बाकीचं जग तिला कसं दिसतं हे जाणून घ्यायची लोकांना भारी हौस, आणि ती हौस ती मुळीच पुरवत नाही. लहानपणी गोवर अंगात मुरला आणि दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. तेव्हापासून माणसं म्हणजे हलणारे डाग, झाडं म्हणजे उभे डाग आणि अक्षरं म्हणजे काहीच नाही. पिवळा रंग मात्र, का कोण जाणे, त्या सायीतून आरपार आत येतो. तिला कुणी आंधळी म्हटलेलं खपत नाही. "मला दिसतंय. तुमच्याएवढं न्हाई दिसत, एवढंच," असं ती तोंडावर सांगते, आणि ते अशा आवाजात की समोरचा पुन्हा तो शब्द काढत नाही.

तिचं घर मेंढरांचं. वडील होते तोवर गंगाखेडच्या माळावर कळप असायचा. लोकर कातरून झाली की आई, म्हाळसाबाई, पाटीत पिवळा रंग कालवायची, त्यात हात बुडवायची आणि एकेका मेंढीच्या काळ्या पाठीवर अख्खा पंजा उठवायची. इतरांच्या मेंढरांवर लाल-हिरवे ठिपके असत. आपला पिवळाच का, तर तो खंडोबाच्या भंडाऱ्याचा. संध्याकाळी दोन कळप एकमेकांत घुसले की ही पोर त्या पंज्यांच्या मागं जाऊन आपलं जनावर बाजूला काढायची. पुढं वडील गेले, कळप गेला, घर गावात भाड्याच्या खोल्यांत आलं. वडिलांची काळी घोंगडी तेवढी खुंटीवर राहिली.

परभणीत एका दवाखान्यात दैवशाला फोनवर असते. डॉक्टरांना दाखवायचं तर आधी नंबर लावावा लागतो, आणि तो नंबर ती लावते. झरीहून, बोरीहून फोन येतात. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नाही. "तुमची सासू मागं शुगरला आलती ना, आता कशी हाय?" असं तिनं विचारलं की पलीकडचा माणूस निम्मा बरा होतो. ही नोकरी तिला सुखासुखी मिळाली नाही. म्हणजे नोकरी मिळाली, पण तिथवर एकटीनं जायची परवानगी आईकडून मिळवायला वर्षभर घरात भांडी आपटली. आई म्हणायची, हात धरायला माणूस पाहिजे. दैवशाला म्हणायची, हात धरून मी फक्त बाजारात जाईन, कामावर नाही.

आणि ती एकटी जायची, ती निळ्या गाडीच्या जिवावर. सकाळी परळीकडून गंगाखेडला पॅसेंजर येते. गाडीला दिव्यांगांचा अर्धा डबा असतो, पण तो कधी इंजिनामागं तर कधी पार शेपटाला. गाडी थांबते चहाचे दोन घोट होईपर्यंत. फलाटाच्या मधोमध उभं राहायचं. निळ्या रंगाची अंधूक भिंत सरकत येते. त्या निळ्यात कुठंतरी दिव्यांगांच्या डब्याच्या खुणेचे पिवळे पट्टे झळकतात. झळकले की त्या बाजूला चालायला लागायचं, कुणाला विचारायचं नाही. दाराशी पोचली की आतून सिद्धोधनचा आवाज यायचा, "या मॅडम, जागा धरलीय." हा सिद्धोधन परभणीत शिलाई करतो, पोलिओनं एक पाय गेलेला, अलीकडच्याच एका स्टेशनावर चढतो. त्यानं एकदा चढताना तिला हात दिला होता. पुन्हा देऊ नको, असं तिनं बजावलं, आणि त्यानं तो पुन्हा दिला नाही.

आता तिचा धाकटा भाऊ. मुंजाजी पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, देवळांवरचे वाघ-सिंह, सगळं त्याच्या हातचं. मग फ्लेक्स आले आणि त्याचा ब्रश वाळून गेला. अशात रेल्वेनं ती पॅसेंजर बाहेरून सजवायचं ठरवलं. जिल्ह्याची ओळख गाडीवर दिसली पाहिजे, असं काहीतरी. मुंजाजीनं फुललेल्या करडईच्या रानाचं चित्र दिलं आणि ते पसंत पडलं. मग तो पूर्ण्याच्या यार्डात जाऊन राहिला. घरी यायचा तो रंगाच्या वासासकट यायचा आणि काय चाललंय ते सांगायचा नाही. आक्कालाच आधी दाखवणार, एवढंच म्हणायचा.

पहिल्या दिवशी तो तिच्याबरोबर फलाटावर आला. त्याला उभं राहवत नव्हतं, सारखा या पायावरून त्या पायावर. गाडीची शिटी झाली. आणि दैवशालाच्या डोळ्यांपुढून पिवळं रान धावायला लागलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळं, नुसतं पिवळं, मध्ये कुठं केशरी झाक. भावाचं चित्र तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आजवर लोकांनी सांगायचं आणि तिनं मान डोलवायची. तिला आनंद झाला, खरोखरचा. आणि त्याच दमात ती पट्टे शोधायला लागली. आपला डबा कुठंय?

"दिसलं का आक्का?" मुंजाजीनं विचारलं.

"दिसलं रं. लय भारी."

"तुला पिवळं दिसतंय म्हणून सगळी गाडी पिवळी केलो. साहेब म्हणायलते निळं बी राहू द्या थोडं. मी न्हाई ऐकलो."

तो तिला हसतखेळत दारापर्यंत घेऊन गेला, तिनं हात लावला आणि ती चढली. पट्टे होते. दाराशेजारी जिथं असायला हवेत तिथं, हवेत तेवढे रुंद. साहेबांनी स्वतः तपासून घेतले होते. पिवळ्या करडईत पिवळे पट्टे. सिद्धोधन खालच्या आवाजात म्हणाला की मॅडम, हे काय मला नीट वाटत नाही. ती म्हणाली, गप बस.

दुसऱ्या दिवसापासून ती एकटी. पहिल्यांदा अंदाजानं चालली आणि भलत्याच डब्यात चढली. दूधवाल्यांच्या कॅनांत अडकून परभणीपर्यंत एका पायावर उभी राहिली. त्यानंतर सिद्धोधन दारात येऊन ओरडायला लागला. "मॅडम, इकडं, इकडं." सगळा फलाट बघायचा. तिला तो ओरडणारा आवाज आधाराचाही वाटायचा आणि अंगावर काटाही आणायचा. मी सांगू का तुमच्या भावाला, असं सिद्धोधननं विचारलं, तेव्हा तिनं त्याला मुलांची शपथ घातली.

सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. वर्षानुवर्षं फ्लेक्सच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाणारा माणूस आता ताठ चालत होता. लोक त्याला हॉटेलात बसवून चहा पाजत होते. बाहेरगावाहून शाळांचे, देवळांचे फोन येत होते. आणि ते सगळं पिवळं त्यानं कुणासाठी केलं होतं? तिच्यासाठी. देणाऱ्यानं इतक्या मायेनं दिलेलं पातळ आपल्याला आखूड होतंय, हे त्याच्या तोंडावर कसं म्हणायचं? ती रोज घरातून निघताना ठरवायची, आज सांगू. आणि रोज संध्याकाळी तो विचारायचा, "आज कशी दिसली गाडी?" की ती म्हणायची, झक्कास.

मग तो दिवस आला. पलीकडच्या रुळावर मालगाडी धडधडत होती आणि त्याच वेळी पॅसेंजर लागली. सिद्धोधन ओरडत असणार, पण ऐकूच येईना. दैवशालानं डब्याच्या अंगाला हात लावला आणि तशीच चाचपत चालायला लागली. पत्रा, खिडकी, पत्रा. दार लागलं, ते माणसांनी गच्च भरलेलं. ती पुढं सरकली. पत्रा. गाडीला हिसका बसला. तिच्या हाताला एक दांडा लागला, तो तिनं धरला, पाय पायरी शोधत होता आणि पुढं बंद दार होतं. सामानाच्या डब्याचं. चप्पल निसटली. फलाट पायाखालून मागं पळायला लागला. एक क्षण तिला वाटलं की सोडायचं नाही, काही झालं तरी सोडायचं नाही. आणि लगेच कळलं की सोडलं नाही तर आपण चाकाखाली जाऊ. तिनं हात सोडला आणि ती फलाटावर गुडघ्यांवर आदळली. पिवळं रान तिच्या शेजारून धावत निघून गेलं.

चहावाल्या बाईनं तिला उठवलं, चप्पल शोधून दिली. त्या दिवशी दवाखान्यात फोन वाजत राहिले. घरी तिनं सांगितलं, पाय घसरला. म्हाळसाबाईनं हळद लावता लावता निकाल देऊन टाकला. बास झालं आता हे जाणं. कामाला जायचं तर मुंजा हात धरून डब्यात बसवील तेव्हाच, नाहीतर घरी बस.

"माय खरं म्हणायलीय आक्का," मुंजाजी म्हणाला. "मी येतो ना रोज सोडायला."

तो मायेनंच म्हणत होता, हीच पंचाईत. तो रोज येणार नव्हता, त्याला कामं मिळायला लागली होती. चार दिवस येईल, मग कधी चुकेल, मग ज्या दिवशी तो नाही त्या दिवशी दैवशालाही नाही. दवाखाना असल्या माणसाला किती दिवस ठेवील? आणि ठेवलं तरी, बोचकं उचलून ठेवावं तसं कुणीतरी आपल्याला उचलून ठेवायचं. जिच्यासाठी वर्षभर भांडली ती एकटीची वाट तिच्या हातून अशी निसटत होती, आणि ती ज्याच्यामुळं निसटत होती त्याला पत्ताच नव्हता. त्या रागानं तिचे ठणकणारे गुडघे ती विसरून गेली. राग भावाचा नव्हता. रागाला बसायला जागाच नव्हती, म्हणून तो जास्त जळत होता.

सोमवारी सकाळी गंगाखेडच्या फलाटावर मुंजाजीचा सत्कार ठरला होता, गाडी स्टेशनात असताना, बँड लावून. शनिवारी संध्याकाळी तो नवा शर्ट घेऊन आला. पिवळाच. अंगात घालून आईला दाखवला, मग बहिणीपुढं येऊन उभा राहिला. तिला तो शर्ट दिसला. छान दिसला. आईनं देवापुढं दिवा लावला होता, भंडाऱ्याची वाटी तिथंच होती.

"मुंजा, हितं बस," दैवशाला म्हणाली.

तो बसला. तिनं वाटीतून चिमूटभर भंडारा घेतला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

"दिसायलाय का?"

"काय?"

"भंडारा."

"कसा दिसंल आक्का? शर्टच पिवळा हाय."

ती उठली. भिंतीला हात लावत खुंटीपर्यंत गेली, वडिलांची घोंगडी काढली आणि त्याच्या मांडीवर पसरली. मग वाटीतली दुसरी चिमूट त्या काळ्या लोकरीवर सोडली. मुंजाजी त्या पिवळ्या ठिपक्याकडं बघत राहिला. म्हाळसाबाईचा वात पुढं सारणारा हात तसाच थांबला.

"आता माझा डबा कुठाय सांग," दैवशाला म्हणाली. "गाडी सगळी दिसती रं मला. डबाच दिसत न्हाई."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. दुधाचे कॅन, सिद्धोधनचं ओरडणं, बंद दार, हातातला दांडा. सांगताना तिनं आवाज चढवला नाही. मुंजाजीनं ऐकलं, शर्ट काढला, घडी घालून ठेवला, जुना काळा शर्ट चढवला आणि न जेवता घराबाहेर पडला.

म्हाळसाबाई तिच्यावर तुटून पडली. परवा पोराचा सत्कार, आणि आजच तुला हे सुचलं? दोन दिवस कळ काढली असती तर काय बिघडत होतं? दैवशाला घोंगडीची घडी छातीशी धरून बसली आणि रडली. भावाच्या जन्माचा एकुलता एक मोठा दिवस आपण नासवला, असं तिला वाटत होतं, आणि तरीही बोललेलं परत घ्यावंसं वाटत नव्हतं. दोन्ही खरं होतं.

रविवारी तो आला नाही. दुपारी आईच्या मोबाइलवर फोन आला, पूर्ण्याला हाय, एवढं बोलला आणि ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना. दैवशालाच्या मनात नको नको ते यायला लागलं. साहेबांशी भांडला असेल. काम काढून घेतलं असेल. आता याला कुणी रेल्वेच्या आसपासही उभं करणार नाही. सोमवारी सकाळपर्यंत त्याचा पत्ता नव्हता आणि खुर्चीवर घडी घातलेला पिवळा शर्ट तसाच होता.

फलाटावर मांडव घातलेला. बँडवाले कान फोडत होते. म्हाळसाबाईनं लेकीचं मनगट असं आवळलं होतं की बांगड्या रुतत होत्या. दैवशालाची कामाची पिशवी खांद्याला होती, पण आज तिला एकटी सोडायचं नाही, असं आईनं ठरवूनच आणलं होतं. समारंभ असला तरी गाडी तिच्या वेळेवरच निघणार, असं माइकवरून दोनदा सांगून झालं. मग मुंजाजीचं नाव पुकारलं. कुणी पुढं आलं नाही. पुन्हा पुकारलं. लोक कुजबुजायला लागले, पेंटर कुठाय, पेंटर कुठाय. म्हाळसाबाई पुटपुटली, आता तोंड कुठं लपवू.

शिटी झाली. गाडी आत शिरली आणि रान धावायला लागलं. पिवळं. पिवळं. डबे सरकत होते आणि प्रत्येक डब्यागणिक तिची आशा खचत होती. बँडमुळं सिद्धोधनचा आवाज येणं शक्यच नव्हतं. पिवळं. अजून पिवळं. संपलं, असं तिनं मनात म्हटलं.

आणि शेपटाला एकाएकी काळं आलं. अख्खाच्या अख्खा काळा तुकडा, त्यांच्या खुंटीवरच्या घोंगडीसारखा, कुणीतरी त्या रानात पसरून टाकलेली. आणि त्या काळ्यावर पट्टे असे उठले होते की तिला डोळे मिटावेसे वाटले.

तिनं मनगट हिसडून सोडवलं. आई मागून ओरडली. दैवशाला चालत होती. माणसांचे डाग आडवे येत होते, ती त्यांना खांद्यानं सारत होती, आणि गंमत म्हणजे त्या डागांनीही त्याच डब्यापुढं गर्दी केली होती, मोबाइल वर करून. कुणीतरी म्हणत होतं, हाच डबा लय खुलून दिसायलाय. तिला काळ्यावरून नजर काढायची नव्हती. गाडीला हिसका बसायच्या आत तिचा हात दाराच्या दांड्याला लागला. दांडा पिवळा होता आणि चिकट होता. पायरी जिथं असायला हवी तिथं होती. ती चढली.

आत रंगाचा ताजा वास भरून राहिला होता. दाराच्या आडोशाला कुणीतरी उभं होतं. त्यानं हात पुढं केला नव्हता.

"मुंजा?"

तोच होता, सरकून त्यानं तिला वाट दिली. सिद्धोधननंच बाकावरून सांगितलं, "काल दिवसभर साहेबाच्या मागं फिरला म्हणं. साहेब म्हणायलते पट्टे नियमात हायती. हा म्हणाला, नियमात हायती, पर दिसत न्हाईत. तवा कुठं ह्यो एक डबा दिला त्याला."

बाहेर माइकवर तिसऱ्यांदा नाव झालं.

"तुझं नाव पुकारायलेत," दैवशाला म्हणाली.

"पुकारू दे. दिसलं का आक्का?"

हाच प्रश्न त्यानं एकदा विचारला होता आणि तिनं हेच उत्तर दिलं होतं.

"दिसलं," ती म्हणाली.

गाडी हलली. फलाटावर म्हाळसाबाई अजून मूठ आवळून उभी असावी. दैवशालाच्या तळव्याला दांड्याचा ओला पिवळा लागला होता. तिनं भावाला खांद्याला धरून वळवलं आणि त्याच्या काळ्या शर्टाच्या पाठीवर अख्खा पंजा उठवला. मग ती खिडकीशी आपल्या जागेवर जाऊन बसली.